तबकडीचा मधला थर

२००४ सालची गोष्ट. मी तेव्हा सरकारी नोकरीत नुकताच लागलो होतो, एलडीसी म्हणून. आमच्या वाड्यावर एक तारवटी राहायचा. वर्षातले नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी. बाकीचे तारवटी सुट्टीवर येताना चॉकलेटं, अत्तरं आणि बाटल्या आणत. याच्या ट्रंकेत गाण्याच्या सीडी आणि मासिकांचे गठ्ठे असत. जाड गुळगुळीत कागदाची, इंग्लंड-अमेरिकेत छापलेली ती मासिके सगळी एकाच विषयाची. घरबसल्या गाणे जास्तीत जास्त चांगले कसे ऐकावे, हा तो विषय!

एकदा त्याने मला एक सीडी भेट दिली. "आयकून पळय मरे," एवढेच म्हणाला. पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून'. मूळ ध्वनिमुद्रिका १९७३ ची, ही आवृत्ती २००३ ची. तबकडीला किंचित सोनेरी झाक होती. माझ्या साध्या प्लेअरवर ती व्यवस्थित वाजली. वडिलांमुळे आमच्या घरात नाट्यगीतांपलीकडे फारसे काही वाजत नसे, तरी ती मला आवडली आणि मी ती वर्षानुवर्षे वाजवत राहिलो.

२०१३ मध्ये तो तारवटी पोर्तुगीज पासपोर्ट करून कुटुंबासह इंग्लंडात स्विंडनला गेला. आपल्याकडची कितीतरी घरे अशी बंद झाली, त्यातलेच ते एक. जाताना त्याने मासिकांचा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला नाही, माझ्या व्हरांड्यात आणून ठेवला. त्या पावसाळ्यात मी एकेक अंक वाचत गेलो, आणि एका संध्याकाळी कळले की माझ्या त्या सोनेरी तबकडीच्या पोटात आणखी एक थर आहे. मी नऊ वर्षे तीच तबकडी वाजवत होतो, पण तो थर मी एकदाही ऐकला नव्हता. माझा प्लेअर त्या थराच्या आरपार बघून पलीकडचा साधा सीडीचा थर तेवढा वाचत होता.

आजचा हा लेख त्या मधल्या थराविषयी आहे, आणि ज्या मासिकांनी तो मरू दिला नाही त्यांच्याविषयी.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. साधी सीडी १९८२ साली आली. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांचे ते अपत्य. सीडीत आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहितात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सीडीच्या पेटंटांची मुदत संपायची वेळ जवळ आली, तेव्हा याच दोन कंपन्यांनी १९९९ मध्ये नवी तबकडी काढली : सुपर ऑडिओ सीडी, थोडक्यात एसएसीडी. तिची पद्धत वेगळी. नमुना एकाच बिटाचा, पण दर सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट वेगाने. दुसऱ्या गटाने २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आणली. तिच्यात २४ बिटांचे नमुने सेकंदाला १,९२,००० पर्यंत घेता येत. दोन्ही तबकड्यांवर पुढून-मागून पाच-सहा स्पीकरमधून ऐकायचे संगीतही मावत असे.

सोनीचा पहिला एसएसीडी प्लेअर, एससीडी-१, अमेरिकेत ५,००० डॉलरला होता. तेव्हाच्या भावाने दोन लाखांहून जास्त रुपये! माझ्या पहिल्या पगाराचा हिशेब करून बघितला, आणि तो विचार सोडून दिला.

पुढे काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. लोकांना आवाजाची प्रत नको होती, सोय हवी होती. ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड आला, एप्रिल २००३ मध्ये ॲपलचे गाण्यांचे दुकान उघडले. एमपी ३ सगळीकडे पसरले. त्यात दोन नव्या तबकड्या एकमेकींच्या यंत्रात चालत नाहीत म्हटल्यावर गिऱ्हाईक हात बांधून उभे राहिले. २००३ मध्ये अमेरिकेत सीडी खपल्या ७४ कोटींवर, आणि एसएसीडी सुमारे १३ लाख. डीव्हीडी-ऑडिओ त्याहूनही कमी. रोलिंग स्टोन्स, बॉब डिलन, पिंक फ्लॉइड असे मोठमोठे हुकमी पत्ते २००२-०३ मध्ये टाकून झाले, तरी डाव जमला नाही. २००७ येईपर्यंत बड्या कंपन्यांनी दोन्हींतून जवळजवळ अंग काढून घेतले होते.

पण गंमत अशी, की डीव्हीडी-ऑडिओ खरोखरच संपली आणि एसएसीडी संपली नाही. आजही नव्या एसएसीडी निघतात. मुख्यतः पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या, जॅझच्या आणि जुन्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांच्या. जपानात तर दुकानांतून त्यांचे वेगळे फळे असतात. ज्या वस्तूला तिच्या जन्मदात्यांनीच टाकले ती पंचवीस वर्षे कशी जगली?

तंत्रज्ञ लोक लगेच एक उत्तर देतात आणि ते अर्धे खरे आहे. एसएसीडी 'हायब्रिड' करता येते. तबकडीच्या जाडीच्या बरोबर मध्यावर अर्धपारदर्शक थर असतो, त्यावर नवे संगीत. त्याच्या पलीकडे, लेबलाच्या बाजूला, साधा सीडीचा थर. नव्या यंत्राचा लाल लेसर मधल्या थरावर थांबतो; जुन्या सीडी प्लेअरचा अवरक्त लेसर त्यातून आरपार जातो आणि पलीकडचा थर वाचतो. म्हणजे एकच तबकडी दोन्ही घरांत चालते, आणि दुकानदाराला दोन माल ठेवावे लागत नाहीत. डीव्हीडी-ऑडिओ साध्या सीडी प्लेअरमध्ये चालत नसे, आणि तिच्यातली गाणी निवडायला पुष्कळदा टीव्ही लावावा लागे. गाणे ऐकायला टीव्ही कोण लावणार?

पण हे उत्तर पुरत नाही. हायब्रिडमुळे तबकडी विकता आली, हे कबूल. मधला थर मुद्दाम घडवायचा खर्च कोणी का करावा? २००२ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या २२ ध्वनिमुद्रिका हायब्रिड एसएसीडीवर निघाल्या, पण वेष्टणावर ते ठळकपणे सांगितलेच नव्हते. कित्येकांनी त्या साध्या सीडी समजून घेतल्या आणि तशाच वाजवल्या. माझ्यासारखेच! ज्या थराची कोणाला खबर नाही, तो थर असून नसल्यासारखा. तो आहे, त्यात काय आहे, ते ऐकण्याजोगे आहे की नाही, हे कोणीतरी सांगावे लागते. ते काम मासिकांनी केले.

ही मासिके मुळात कोणी काढली ते बघण्यासारखे आहे. जे. गॉर्डन होल्ट नावाचे गृहस्थ 'हाय फिडेलिटी' या मोठ्या अमेरिकन मासिकात तांत्रिक संपादक होते. जाहिरातदारांना दुखवेल असे छापायचे नाही, या धोरणाला कंटाळून त्यांनी १९६२ मध्ये स्वतःचे 'स्टीरिओफाइल' सुरू केले. सुरुवातीला उत्पादकांच्या जाहिराती नाहीत. तोवर यंत्राची परीक्षा म्हणजे मोजमापांचे तक्ते असत. होल्टनी यंत्र घरी लावून, ओळखीचे संगीत ऐकून, काय ऐकू आले ते शब्दांत लिहायला सुरुवात केली. १९७३ मध्ये हॅरी पिअर्सन यांनी 'दि ॲब्सोल्यूट साऊंड' काढले. नावातच त्यांचा निकष होता : प्रत्यक्ष जागेत, लाउडस्पीकरशिवाय वाजणाऱ्या वाद्यांचा आवाज हा अंतिम आवाज. यंत्र त्याच्या किती जवळ जाते तेवढे बघायचे. देवळाच्या सभामंडपात माइकशिवाय गाणे ऐकलेल्या माणसाला हा निकष वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इंग्लंडात तर 'ग्रामोफोन' हे मासिक कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकाराने १९२३ मध्येच सुरू केले होते, ते मुख्यतः ध्वनिमुद्रिकांच्या परीक्षणांसाठी.

म्हणजे एसएसीडी जन्मली तेव्हा ऐकून लिहिणाऱ्यांची आणि ते वाचून ऐकणाऱ्यांची एक परंपरा आधीच उभी होती.

या मासिकांनी तीन कामे केली असे मला दिसते.

पहिले काम यादी करण्याचे. पिअर्सन आपल्या मासिकात उत्तम ध्वनिमुद्रणांची यादी छापत. तिच्यात आरसीए कंपनीच्या 'लिव्हिंग स्टीरिओ' मालिकेतल्या, पन्नासच्या दशकाच्या अखेरच्या आणि साठच्या आरंभीच्या एलपी ठळकपणे असत. त्यांच्या लेबलवर कुत्र्याचे चित्र. आपल्या एचएमव्हीच्या तबकड्यांवरचाच तो कुत्रा! जुन्या बाजारात पडून राहिलेल्या त्या एलपींना या यादीमुळे मागणी आली आणि भाव चढले. मागणी आहे म्हटल्यावर चेस्की ही कंपनी १९८६ पासून त्यांची पुनर्मुद्रणे काढू लागली, नव्वदीत क्लासिक रेकॉर्ड्सने काढली, आणि २००४ मध्ये आरसीएचा वारसा ज्या बीएमजीकडे होता तिने तीच मालिका हायब्रिड एसएसीडीवर आणली. यातल्या बऱ्याच मुद्रणांच्या मूळ फितींवर तीन वाहिन्या होत्या : डावी, मधली आणि उजवी. एलपीवर दोनच मावत. एसएसीडीवर तिन्ही जशाच्या तशा देता आल्या. फ्रिट्झ राइनर यांनी शिकागोच्या वाद्यवृंदासह १९६० मध्ये मुद्रित केलेले 'शहराजाद' चाळीसहून अधिक वर्षांनी असे पुरे ऐकायला मिळाले. एका मासिकातल्या यादीपासून निघालेला धागा असा या तबकडीपर्यंत येतो.

दुसरे काम लहान प्रकाशकांना गिऱ्हाईक मिळवून देण्याचे. बड्या कंपन्या गेल्यावर एसएसीडी उचलून धरली ती लहान मंडळींनी. स्वीडनची बिस, हॉलंडची चॅनेल क्लासिक्स, फिलिप्स क्लासिक्समधून बाहेर पडलेल्यांनी २००१ मध्ये हॉलंडातच काढलेली पेंटाटोन, लंडन सिंफनी या वाद्यवृंदाची स्वतःची एलएसओ लाइव्ह. यांच्याकडे जाहिरातीला पैसा कुठला? 'ग्रामोफोन'मध्ये परीक्षणाच्या माथ्यावर तबकडी एसएसीडी असल्याची खूण असे आणि खाली ती कशी वाजते ते लिहिलेले असे. 'स्टीरिओफाइल'मध्ये २००३ पासून काल्मन रुबिन्सन यांचे सदर सुरू झाले, फक्त बहुवाहिनी संगीताविषयी. व्यवसायाने ते मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक. बाजार पडल्यावरही हे सदर दीड दशकाहून अधिक काळ चालू होते. ज्या तबकडीला दुकानात जागा उरली नव्हती तिला मासिकाच्या पानावर जागा होती, आणि लहान प्रकाशकाला आपले हजार-दोन हजार वाचक-श्रोते तेवढ्या जागेतून मिळत.

याच वाटेने आपल्याकडचेही थोडे संगीत त्या थरापर्यंत पोचले. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा इथे एका चॅपेलमध्ये पं. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांनी एकत्र वादन केले. दोघांची ओळख तासाभराचीही नव्हती. वॉटर लिली अकूस्टिक्स या छोट्या संस्थेचे, मूळ श्रीलंकेचे कवि अलेक्झांडर यांनी ते मोजक्या माइकवर, फितीवर, कापाकापी न करता टिपले. 'ए मीटिंग बाय द रिव्हर'ला पुढे ग्रॅमी मिळाले ते सर्वांना ठाऊक आहे. पण ग्रॅमीच्या बाहेर तिला दीर्घायुष्य दिले ते आवाजाच्या शौकिनांनी आणि त्यांच्या मासिकांनी. पुढे ॲनालॉग प्रॉडक्शन्सने तिची एसएसीडीही काढली.

तिसरे काम जपानात झाले. तिथले 'स्टीरिओ साऊंड' हे त्रैमासिक १९६६ पासून निघते. ते नुसते परीक्षण करून थांबले नाही, स्वतःच्या नावाने एसएसीडी काढून वाचकांना विकू लागले. एसोटेरिक ही यंत्रे बनवणारी जपानी कंपनी २००७ पासून जुनी शास्त्रीय मुद्रणे नव्याने एसएसीडीवर आणते. वाचक, यंत्र आणि तबकडी यांचे असे गोत जमले की वस्तू सहसा मरत नाही.

आमच्या कार्यालयात एक नियम न लिहिता चालतो. ज्या फायलीवर कोणीतरी टिपण लिहीत राहते ती फाईल बंद होत नाही. मग साहेब बदलोत, खाते बदलो, प्रकरण कितीही जुने होवो. ज्या दिवशी शेवटचा शेरा पडतो त्या दिवसापासून ती रेकॉर्ड रूमच्या वाटेला लागते. एसएसीडीच्या फायलीवर मासिकांनी शेरा मारणे थांबवले नाही, एवढेच म्हणायचे आहे.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल.

पहिला प्रश्न साधा. तो मधला थर खरोखर वेगळा ऐकू येतो का? २००७ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान या दोघांचा प्रयोग छापून आला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज एकदा सरळ ऐकवायचा आणि एकदा सीडीच्या दर्जाच्या साखळीतून गाळून ऐकवायचा. कुठला कुठला ते ऐकणाऱ्याला सांगायचे नाही. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे नाणे उडवले असते तरी हेच झाले असते! २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी असे १८ प्रयोग एकत्र करून हिशेब केला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. शून्य नाही, पण त्यासाठी दोन लाखांचे यंत्र घ्यावे इतकेही नाही. खुद्द होल्टनी २००७ मध्ये, म्हातारपणी, तक्रार केली होती की या धंद्याने डोळे झाकून ऐकण्याची कसोटी नाकारून स्वतःची पत घालवली.

दुसरा प्रश्न पैशांचा. जी मासिके जाहिरातींना कंटाळून जन्मली, त्यांनी पुढे जाहिराती घेतल्याच. यंत्र विकणारा आणि यंत्राचे परीक्षण एकाच अंकात शेजारी-शेजारी. सरकारी नोकराला हे चित्र अनोळखी वाटू नये.

तिसरे, मासिकांच्या कानांवर किती विश्वास ठेवायचा? २०२२ मध्ये उघड झाले की मोबाईल फिडेलिटी ही नामांकित कंपनी आपल्या महागड्या एलपी बनवताना मधे एक डिजिटल पायरी घेत होती, आणि ती पायरी एसएसीडीच्याच जातीच्या पद्धतीची होती. त्यातल्या कित्येक एलपींना शुद्ध ॲनालॉग समजून जाणकारांनी वर्षानुवर्षे वाखाणले होते. डिजिटलचा स्पर्श कोणाच्या कानाला खुपला नव्हता.

चौथे उदाहरण सर्वांत बोलके. डीव्हीडी-ऑडिओत संगीत घडी घालून मावावे म्हणून जी युक्ती वापरली ती बॉब स्टुअर्ट यांच्या मेरिडियन कंपनीची. याच मंडळींनी २०१४ मध्ये एमक्यूए नावाची नवी पद्धत आणली. दोन्ही मोठ्या अमेरिकन मासिकांनी तिचे असे स्वागत केले की जणू नवे युग आले. वाचकांनी मात्र प्रश्न विचारले, आकडे तपासले, आणि एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या वाटेने प्रशासकाच्या ताब्यात गेली. म्हणजे मासिकांनी नुसती स्तुती केली म्हणून वस्तू जगत नाही.

मग एसएसीडी का जगली? माझ्या मते तिथे स्तुतीपेक्षा मोठे काहीतरी होते, आणि त्याचा पुरावा योगायोगाने मेयर-मोरान यांच्याच लेखात आहे. कसोटीत फरक ऐकू आला नाही असे सांगून झाल्यावर ते नोंदवतात, की प्रयोगासाठी आणलेल्या या तबकड्यांतले संगीत बाजारातल्या बहुतेक सीडींपेक्षा चांगलेच वाजत होते. कारण? या तबकड्या घेणारा माणूस लक्ष देऊन ऐकणारा आहे हे माहीत असल्यामुळे अभियंत्यांना काम नीट करायची मोकळीक होती. आवाज मोठा वाटावा म्हणून सगळे संगीत दाबून एका पातळीला आणण्याची जी रीत तेव्हा बोकाळली होती, तिच्यापासून या तबकड्या पुष्कळशा वाचल्या.

हे वाचले आणि मला मासिकांचे खरे काम कळले. त्यांनी एक तंत्र वाचवले असे नाही. त्यांनी काळजीपूर्वक ऐकणारा एक लहानसा समाज राखला, आणि तो समाज आहे म्हणून काळजीपूर्वक काम करणाऱ्यांना कोणासाठी तरी काम करता आले. तबकडीचा मधला थर ही त्या दोघांची ठरलेली भेटीची जागा. २०२१ पासून ॲपलसारख्या कंपन्या त्याच दर्जाचे संगीत जादा पैसे न घेता मोबाईलवर देतात, तरी ही जागा मोडलेली नाही.

आता माझ्या तबकडीचे काय झाले ते सांगून संपवतो.

२०१९ च्या नाताळात तो तारवटी महिनाभर आला होता. घर उघडले, चादरी झटकल्या, आणि एका चादरीखाली त्याचा जुना डीव्हीडी प्लेअर निघाला. त्यावर एसएसीडीचे चिन्ह होते! त्याचा ड्रॉवर अडकत होता. म्हापशाच्या एका मिस्त्रीने रबरी पट्टा बदलून दिला. पंधरा वर्षांनी माझी सोनेरी तबकडी तिच्या खऱ्या यंत्रात गेली. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी थक्क झालो. घड्याळांचे टोल वेगवेगळ्या अंतरांवरून येत होते, गाणारीच्या आवाजामागे खोली होती. मी त्याला तसे म्हणालो.

तो हसला. "आता भिंतीकडे तोंड करून बस," म्हणाला. त्याने बटण दाबून कधी मधला थर लावला, कधी सीडीचा. दहा वेळा. माझी सहा उत्तरे बरोबर आली, चार चुकली. आणि ती सहा सुद्धा थरामुळे आली की दुसऱ्या कशामुळे, कोण जाणे. कारण या तबकडीवरचा सीडीचा थर मधल्या थरापेक्षा जास्त दाबून तयार केलेला आहे, हे 'स्टीरिओफाइल'नेच २००३ मध्ये मोजून छापले होते. तोही अंक त्याच गठ्ठ्यात होता.

मला वाईट वाटले का? नाही. मी त्या रात्री ती ध्वनिमुद्रिका जितक्या लक्षपूर्वक ऐकली तितकी आधीच्या पंधरा वर्षांत कधीच ऐकली नव्हती. हे लक्ष मला त्या गठ्ठ्याने शिकवले होते.

आणि मग विचार आला आपला. सूरश्री केसरबाई केरकरांचे गाणे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवर गेले, याचा आपल्याला केवढा अभिमान! पण ते निवडले गेले कारण रॉबर्ट ब्राऊन नावाच्या एका अमेरिकन संगीत-अभ्यासकाने ते सुचवले. तिथेही एका लक्षपूर्वक ऐकणाऱ्याचा शेराच कामी आला. आपण मराठीत गायकाविषयी, घराण्याविषयी भरभरून लिहितो. पण ते मुद्रण कुठल्या साली, कुठल्या जागी, कोणी केले, मूळ फीत कुठे आहे, नव्या आवृत्तीत तिचे काय केले, हे माझ्या वाचनात फार क्वचित येते. आपल्या घराघरांत देवळातल्या उत्सवांच्या, भजनांच्या, रात्रभर चाललेल्या नाटकांच्या कॅसेटी पडून आहेत. डब्यांवर नाव नाही, तारीख नाही. आमच्या वडिलांच्या कॅसेटींवरही नाही. आणि विचारायला आता वडील नाहीत.

वाचकहो, दोन लाखांचे यंत्र आपल्याला नको. तुमच्या कपाटात अशी एखादी कॅसेट असेल तर या रविवारी काढा, एकदा ऐका, आणि कोण गातो आहे, कुठल्या देवळात, साधारण कुठल्या साली, ते एका चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा. आठवणारे माणूस घरात आहे तोवरच हे होईल. मी वडिलांच्या चाळीस कॅसेटींपैकी सात ओळखल्या आहेत. बाकीच्या तेहतीस शेऱ्याविना आहेत.